अधूनमधून सुरू होणाऱ्या लॅपटॉपची थोरवी

रोज सुरू होणाऱ्या यंत्राचे आभार आजवर कोणी मानलेले नाहीत. मिक्सर फिरतो, कूलरमध्ये पाणी चढतं, दारावरची बेल वाजते, आणि त्याबद्दल घरात कोणाच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. धडधाकट लॅपटॉपचंही तेच. बटण दाबलं, स्क्रीन उजळली, वीजबिल भरलं, झाकण मिटलं. या व्यवहारात माणसाच्या अंगच्या गुणांना वावच नाही. धीर लागत नाही, श्रद्धा लागत नाही, शेजाऱ्यांचा सल्ला लागत नाही. याउलट ज्या घरी दहा-बारा वर्षांचा, मनात आलं तरच सुरू होणारा लॅपटॉप आहे, त्या घरी एकदा बसून पाहावं. तिथे बटण दाबायच्या आधी टीव्हीचा आवाज बारीक केला जातो.

प्रस्तुत लेख अशा लॅपटॉपच्या बाजूचा आहे. विरुद्ध बाजूचे लोक पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे मल्टिमीटर आहेत.

एक खुलासा आधी करायला हवा. कायमचा बंद पडलेला लॅपटॉप या स्तुतीला पात्र नाही. त्याचा निकाल लागलेला असतो. माणूस दोन दिवस हळहळतो आणि तिसऱ्या दिवशी नवा घेऊन येतो. कधीच न रुसणारा लॅपटॉपही अपात्र, त्याचं कारण वर आलंच. पात्र तो, जो सोमवारी पहिल्या फटक्यात उठतो, मंगळवारी नुसता दिवा दाखवतो, बुधवारी पंखा गरगर फिरवून थांबतो, आणि गुरुवारी आपण नाद सोडून जेवायला बसलो की मागच्या मागे उठून पासवर्ड मागतो.

या अधूनमधूनपणाचं महत्त्व ओळखायला शास्त्रज्ञांना कबुतरं लागली. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. भुकेलं कबुतर पिंजऱ्यात ठेवायचं आणि ठरावीक सेकंदांनी त्याच्यापुढे दाणे आणायचे. कबुतर काय करतं याचा दाण्यांशी काडीचा संबंध नव्हता, पण हे कबुतराला कोण सांगणार? दाणे आले तेव्हा एक कबुतर गिरकी घेत होतं; ते गिरक्याच घेत राहिलं. दुसरं पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसत राहिलं. दोघं लंबकासारखी डोलत राहिली. आठांपैकी सहांनी आपापला विधी असा पक्का केला. स्किनरने याला अंधश्रद्धा असं नाव दिलं आणि विषय संपवला. कबुतरांच्या चिकाटीबद्दल चार बरे शब्द लिहायचे राहूनच गेले. आमच्याच नागपुरात १८७१ साली जन्मलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ते लिहिले असते. आपल्या विनोदी लेखांतल्या सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या तिघांकडून त्यांनी शहाणपणाचे इतके प्रयोग करवून घेतले, की त्यांत हाही सहज बसला असता. पण ते १९३४ साली गेले, तेव्हा लॅपटॉप निघालेला नव्हता. त्यांचा नाइलाज होता.

आमच्या घरचा विधी आता स्थिरावला आहे. आधी अडॅप्टरची पिन पूर्ण आत घालायची, मग सुतभर मागे ओढायची. झाकण अर्धवटच उघडायचं. पूर्ण उघडलं तर तो बिथरतो. नंतर बटण दाबायचं आणि त्याच वेळी डावीकडच्या कोपऱ्यावर तळहाताने दाब द्यायचा. हा दाब देण्याचा मान मोठ्या वहिनींकडे आहे, कारण त्यांच्या हाताला गुण आहे. मागे एकदा ऐन कामाच्या वेळी त्यांना हाक मारली, तर त्या आतून म्हणाल्या, "कणीक भिजवून राहिली ना मी! हात भरले आहेत."

"तसंच या वहिनी, एका मिनिटाचं काम आहे."

त्या तशाच आल्या, कोपरा दाबला, आणि लॅपटॉप पहिल्याच दाबात सुरू झाला. तेव्हापासून वहिनी येण्यापूर्वी थोडी कणीक भिजवून घेतात. ज्या दिवशी भात-वरणाचाच बेत असतो त्या दिवशी जरा अडचण होते.

खंडेनवमीला घरातल्या इतर हत्यारांबरोबर लॅपटॉपचीही पूजा होते. विळी, पाना, पेचकस यांना हळदकुंकू लावून काही होत नाही, कारण त्यांना पंख्याची जाळी नसते. लॅपटॉपला असते. गेल्या काही वर्षांचं कुंकू त्या जाळीतून आत गेलेलं आहे, आणि दसऱ्याला वाहिलेल्या आपट्याच्या पानाचा एक तुकडा स्पेसबारच्या खाली असावा असा अंदाज आहे, कारण ते बटण दाबलं की कुरकुर वाजतं. बाहेरचे मेकॅनिक लॅपटॉप उघडल्यावर या गुलाबी धुळीकडे पाहून आधी काही बोलत नाहीत. मग विचारतात, "देवघरात ठेवता काय भाऊ याले?"

कोपरा दाबल्यावर तो का सुरू होतो, याचं खरं कारण फार निरस आहे. तरी वाचकाला अंधारात ठेवायचं नाही म्हणून सांगतो. लॅपटॉपच्या बोर्डावरच्या मोठ्या चिपा पायांवर उभ्या नसतात; त्यांच्या पोटाखाली डाकाच्या शेकडो बारीक गोळ्या असतात, त्यांवर त्या बसलेल्या असतात. पूर्वी या डाकात कथलाबरोबर शिसं असायचं. शिसं विषारी म्हणून युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून त्यावर निर्बंध आणले, आणि सगळ्या जगाचा माल त्याच कारखान्यांतून निघत असल्यामुळे आपल्याकडे येणाऱ्या यंत्रांचाही डाक बदलला. नवा डाक प्रकृतीला बरा, पण स्वभावाने ताठ. चिप तापली की फुगते, निवली की आकसते. तिच्याखालचा बोर्ड वेगळ्याच मापाने फुगतो आणि आकसतो. ही ओढाताण वर्षानुवर्षं चालली की एखाद्या गोळीला केसाएवढी चीर जाते. वरून दाबलं की चीर मिटते, हात काढला की उघडते. बोर्ड तापला तरी ती कधी मिटते, गारठला की उघडते. यात वहिनींच्या हाताचा गुण एवढाच, की त्यांचा हात जड आहे. हे घरात अर्थातच कोणी त्यांना सांगितलेलं नाही.

आता या फुगण्या-आकसण्याला नागपूरइतकं पोषक गाव शोधून सापडणार नाही. इथल्या पाऱ्याने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश गाठले आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी तो ३.५ अंशांवर उतरला. लॅपटॉपसोबत येणाऱ्या पुस्तिकेत बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, की हे यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावं. ही सूचना पाळायची तर होळी झाली की लॅपटॉप चिखलदऱ्याला पोचवावा लागेल, आणि मे महिन्यात तिथूनही पुढे. त्यापेक्षा आपण कूलरसमोर बसतो. कूलर हवा गार करतो ती पाणी उडवून. म्हणजे वाळ्याच्या ताट्यांमधून आलेला दमट वारा, सोबत लागेल तेवढी धूळ, थेट लॅपटॉपच्या तोंडावर. माणूस सुखावतो आणि बोर्डावरचं तांबं हिरवं पडतं. तांब्याची भांडी चिंचेने घासणाऱ्या आजीला हा हिरवा रंग दाखवला तर ती पाच मिनिटांत निदान करेल, पण लॅपटॉपच्या बाबतीत आजीला कोणी विचारत नाही.

बिघडलेल्या यंत्राला कमी लेखणाऱ्यांनी मे २०२४ ची गोष्ट आठवावी. २९ मे रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंशांची नोंद केली आणि देशभर गवगवा झाला. नागपूरच्या यंत्रांना हे सहन झालं नसावं. दुसऱ्याच दिवशी इथल्या एका केंद्राने ५२ ओलांडले आणि दुसऱ्याने एकदम ५६ अंश सांगितले. दिल्लीचा विक्रम चोवीस तासही टिकला नाही. पुढे हवामान खात्याने खुलासा केला, की नागपूरच्या या यंत्रांचे सेन्सर बिघडले होते. मुंगेशपूरचं यंत्रही सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. खुलासा कोणी फारसा वाचला नाही. त्याच दिवशी शहरातली बाकीची यंत्रं इमानेइतबारे खरं तापमान दाखवत होती, आणि त्यांची नावं आज कोणालाही सांगता येणार नाहीत.

दुरुस्तीच्या घरगुती मार्गांपैकी उष्णतेचा मार्ग सर्वांत प्रतिष्ठित आहे. कोणाचा तरी मेहुणा कुठल्या तरी व्हिडिओत पाहून येतो, की बोर्ड ओव्हनमध्ये भाजला की डाक वितळून चिरा बुजतात. ही माहिती अगदीच खोटी नाही. जुना शिशाचा डाक १८३ अंशांना वितळायचा, नव्याला सुमारे २१७ लागतात. दुकानदार हीट गनने आणि जरा मोठा असेल तर खास यंत्राने हे करतात, आणि तिथेही तो उपाय टिकेल याची हमी कोणी देत नाही. ओव्हन नसलेल्या घरात केस वाळवायच्या यंत्रावर भागवतात. तेवढ्याने डाक वितळत नाही, नुसती चिप फुगते आणि आठ-पंधरा दिवस काम भागतं. म्हणजे उपाय चुकीचा आणि गुण बरोबर, असा हा दुर्मीळ योग. नागपूरकराला तर यंत्रच नको, त्याला गच्ची आहे. मे महिन्यात कुरड्या आणि सांडगी मिरच्या वाळत घातलेल्या असतात, त्यांच्याच शेजारी जुन्या लुगड्यावर लॅपटॉप पालथा घालायचा. राखणीला बसलेल्या पोराने कावळ्यांबरोबर त्याच्याकडेही लक्ष द्यावं. बॅटरी मात्र आधी काढून ठेवावी. एवढा एक शहाणपणा मीही सुचवतो, कारण लिथियमची बॅटरी तापून फुगली की ती मूर्खपणाला दाद देत नाही, पेट घेते. म्हाताऱ्या लॅपटॉपचं टचपॅड वर उचलल्यासारखं दिसू लागलं, तर ते यंत्राने बाळसं धरल्याचं लक्षण नसतं.

हार्ड डिस्कसाठी शीतोपचार. तिचा टिकटिक आवाज येऊ लागला की तिला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये, संत्रा बर्फीच्या डब्याशेजारी ठेवायची. सकाळी बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं आणि आतल्या तबकड्यांना पाणी लागायची शक्यता निर्माण होते. पण रात्रभर आपण काहीतरी करत होतो हे समाधान कुठे मिळतं?

या सगळ्या उपायांत एकच उपाय मला पसंत नाही, कारण त्यामागे कारण आहे. अडॅप्टर काढायचा, बॅटरी निघत असेल तर तीही काढायची, आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. बोर्डावर साचून राहिलेला थोडासा विद्युतभार निघून जातो, वीज सांभाळणारी छोटी चिप अडकून पडली असेल तर ती नव्याने भानावर येते, आणि पुष्कळदा लॅपटॉप खरोखर सुरू होतो. दिसायला हे अगदी मंत्र टाकल्यासारखं दिसतं, पण आत सगळं सरळ आहे. मूर्खपणाच्या क्षेत्रात अशी भेसळ वाढू देणं धोक्याचं आहे. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासण्याचं त्या मानाने बरं. त्यात पट्टी काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे फरक पडतो आणि श्रेय खोडरबराला मिळतं. वर सोन्याचा मुलामा दरवेळी थोडा कमी होतो.

घरगुती उपाय संपले की माणूस बर्डीवर जातो. सीताबर्डीच्या बाजारात दुसऱ्या मजल्यावर, अंधाऱ्या जिन्याच्या टोकाशी, टेबलावर सहा-सात लॅपटॉप पोट फाडून ठेवलेले आणि मधोमध एक मुलगा, डोळ्याला भिंग लावून. त्याच्यापुढे आपण आपला लॅपटॉप ठेवतो.

"काय झालं भाऊ?"

"सुरूच नाही होऊन राहिला. सकाळपासून पाहून राहिलो."

तो बटण दाबतो. लॅपटॉप सुरू होतो. नुसता सुरू होत नाही, घरी कधी झाला नव्हता इतक्या लवकर होतो.

"हा तं सुरू आहे ना!"

"आता झाला. घरी नव्हता होत."

"मंग काय करू मी याचं?"

प्रश्न रास्त आहे. घरापासून बर्डीपर्यंत गाडीच्या डिक्कीत उन्हाने तापत आलेला बोर्ड फुगून चीर मिटली होती, हे त्यालाही ठाऊक असतं. म्हणून तो म्हणतो, "ठेवून जा दोन दिवस. थंडा झाल्यावर पाहतो." इथे शहाणा माणूस लॅपटॉप ठेवून जाईल. पण थोर माणूस सुरू असलेला लॅपटॉप दुकानात सोडून जात नाही. तो त्याला चालू अवस्थेतच, झाकण न मिटता, कडेवर घेऊन जिना उतरतो. तेवढ्यात मागून आवाज येतो, "विंडो टाकून देऊ काय? फॉरमॅट मारून देतो, साफ होऊन जाईल." बोर्डात वीज पोचत नसताना नवी विंडो टाकणं याला वैद्यकात उपमा नाही. तरी सांगतो, असंख्य लोकांनी ती टाकून घेतली आहे, आणि विंडो टाकल्यावर त्यांचा लॅपटॉप दोन दिवस बरा चालला आहे, कारण त्या दोन दिवसांत ऊन होतं.

आमचा एक भाचा अभियांत्रिकीला आहे. सुटीत आला तेव्हा त्याने हा सगळा खेळ पाहिला आणि एक वही मागितली. वहीत त्याने रकाने आखले: तारीख, वेळ, खोलीचं तापमान, काय केलं, सुरू झाला की नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असा त्याने दंडक घातला. आज फक्त अडॅप्टर दुसरा लावायचा, तेवढ्याच व्होल्टेजचा. उद्या फक्त बॅटरी काढायची. परवा रॅमची एकच पट्टी ठेवायची. मग टीव्हीला जोडून पाहायचं, की बिघाड स्क्रीनचा आहे की आतला. कोपरा दाबायला बंदी. वहिनींना बोलवायला बंदी. घरात सुतकासारखं वाटू लागलं. पूर्वी आम्ही पिन हलवायचो, बॅटरी काढायचो, तळाला थापड द्यायचो आणि कूलरची दिशा बदलायचो, हे सगळं एकाच मिनिटात. मग तो सुरू व्हायचा आणि चार जणांत श्रेयावरून आनंदाची बाचाबाची व्हायची. आता कोणी काही केलं की वहीत जायचं.

काही आठवड्यांत वही बोलू लागली. खोली तापलेली असली की लॅपटॉप बहुतेक सुरू होतो, पहाटे गारव्यात बहुतेक होत नाही, अडॅप्टर निर्दोष, रॅम निर्दोष, आणि कणकेचा काही परिणाम आढळत नाही. शेवटची ओळ त्याने खाली दोनदा रेघ ओढून लिहिली होती. वहिनींनी ती वाचली, काही बोलल्या नाहीत, आणि त्या दिवशी भाच्याच्या पानात पोळी जरा उशिरा पडली. तो परत गेल्यावर वही कुठे गेली याचा शोध घेतला, तर दूधवाल्याचा हिशेब तिच्यात सुरू झाला होता. विधी दुसऱ्या दिवशीच पूर्ववत झाला. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, ग्राहकाला दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग मिळावेत म्हणून. विभागाचा हेतू चांगला आहे. पण निदान न करून घेण्याचा हक्क असा कुठेच नोंदलेला नाही, आणि जास्त लोक वापरतात तो हाच.

घड्याळाच्या सेलची गोष्टही अशीच. लॅपटॉपच्या पोटात बऱ्याचदा रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर २०३२. म्हणजे वीस मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, तीन व्होल्टचा. मुख्य बॅटरी आणि वीज दोन्ही नसताना तारीख-वेळ आणि काही जुजबी खुणा तोच जपतो. तो संपला की काही लॅपटॉप उठताना थबकतात, एफ-१ दाबा म्हणतात, आणि थेट जन्मसालाच्या १ जानेवारीला जाऊन पोचतात. मग बँकेची साइट उघडत नाही, कारण तिचं सुरक्षा प्रमाणपत्र या लॅपटॉपच्या हिशेबाने अजून जारीच झालेलं नसतं. सेल चहा-समोशाच्या पैशात मिळतो. तो बदलला की मात्र रोज सकाळी पुन्हा पंधरा वर्षांनी तरुण होण्याची सोय जाते. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ तो मुद्दाम बदलत नाहीत. त्या तारखेला त्यांची नोकरी सुरू होती.

सुरू होण्याची अडचण मुळातूनच टाळायची तर बंदच करू नये, असा एक पंथ आहे आणि त्याला घराणं थोर आहे. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला एनिॲक हा संगणक जगापुढे आला. त्यात सुमारे अठरा हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्या जळायच्या त्या मुख्यतः यंत्र सुरू केल्यावर तापताना किंवा बंद केल्यावर निवताना. म्हणून तो सहसा बंदच करत नसत. हाच विचार आपल्याकडे चादरीवर रात्रंदिवस चालू ठेवलेल्या, झाकण किलकिलं असलेल्या लॅपटॉपच्या रूपाने पोचला आहे. घरातले सगळे त्याच्या बाजूने पाय न वाजवता जातात. वळवाचा पाऊस आला, वीज गेली, आणि बॅटरी तर कधीच गेलेली, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. पण एनिॲकलाही सैन्याचं पाठबळ होतं. आपण एकटे आहोत.

काहींना वाटतं, वर्षातून कधीतरी सुरू होणाऱ्या वस्तूवर एवढा जीव लावणं नागपूरकराला शोभत नाही. त्यांना नागपूरचा इतिहास ठाऊक नसावा. १९५३ च्या नागपूर कराराने ठरलं, की विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन दरवर्षी इथे भरेल. १९६० साली महाराष्ट्र झाल्यापासून सिव्हिल लाइन्समधलं विधान भवन अकरा महिने शांत असतं आणि बहुतेक डिसेंबरात सुरू होतं. सुरू व्हायच्या आधी रंग लागतो, रस्ते गुळगुळीत होतात, दिवे बदलले जातात. सुरू झालं की आठ-पंधरा दिवस गरम होतं, पंखे जोरात फिरतात, आणि पुन्हा बंद. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी तर ते सुरूच झालं नाही, अधिवेशन मुंबईतच उरकलं. म्हणून कोणी म्हणालं का, की ही इमारत मोडीत काढा? उलट २०२२ च्या डिसेंबरात ती सुरू झाली तेव्हा सगळ्या शहराला केवढं बरं वाटलं.

व्यवहारी फायदेही सांगायला हवेत, नाहीतर हे सगळं भावनेच्या भरात चाललंय असं वाटेल. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ या वयाच्या यंत्रांना दारातही उभं करत नाही. शहाणी मंडळी यामुळे सुरक्षेच्या काळजीत आहेत. आम्ही नाही. जो लॅपटॉप सुरू होत नाही त्यात व्हायरस शिरत नाही. त्यावरून कोणी पैसे लुबाडू शकत नाही, मुलं खेळ खेळू शकत नाहीत, साहेब रात्री दहाला फाइल मागवू शकत नाहीत. "लॅपटॉप उठून नाही राहिला सर" या वाक्यापुढे अजून कुठल्याही कार्यालयाला उत्तर सापडलेलं नाही.

बॅकअपविषयी आग्रह धरणारे लोक भेटतात. त्यांचं म्हणणं असं, की यंत्र मेलं तरी डिस्क जिवंत असते. ती काढून एका साध्या डबीत बसवली, यूएसबीची तार लावली की लग्नाचे फोटो, आयकराची कागदपत्रं, आजोबांच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण, सगळं दुसऱ्या संगणकावर उतरवता येतं. बाजारात ती डबी फार महाग नाही. हे सगळं खरं असेल. पण एकदा फोटो बाहेर निघाले की या लॅपटॉपने सुरू व्हावं असं कोणाला वाटेल? आत्ता दर वेळी स्क्रीन उजळली की घरातले सगळे धावत येतात, दोन मिनिटं फोटो पाहून घेतात, कोणीतरी म्हणतं "लवकर कॉपी कर ना बे", आणि पेनड्राइव्ह सापडेपर्यंत तो बंद पडतो. पेनड्राइव्ह नेहमी सापडतो, बंद पडल्यावर.

विकण्याचाही एकदा घाट घातला होता. हिंगण्याहून एक विद्यार्थी आला, सुटे भाग काढायला हवाच होता म्हणाला, भंगाराचा भाव बोलला. रिवाज म्हणून त्याने बटण दाबलं. लॅपटॉप असा काही उठला, की सौदा तिथेच मोडला. चालू लॅपटॉप भंगाराच्या भावात कोण देतं? विद्यार्थ्याने भाव वाढवला नाही, आम्ही उतरलो नाही. तो जिन्यात असतानाच स्क्रीन काळी झाली, पण त्याला परत बोलावणं बरं दिसलं नसतं.

शेवटी भाच्याच्या आणि ऑफिसच्या रेट्याने नवा लॅपटॉप घेतला. तो आला त्या सकाळी जुना पहिल्या फटक्यात सुरू झाला, तेव्हा म्हटलं, आज कशाला खोकं फोडायचं. दुसऱ्या दिवशीही तो थोडा वेळ चालला. नव्याची वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू आहे आणि व्यवस्थित संपत आली आहे. खोकं चांगलं मजबूत निघालं. त्यावर जुना लॅपटॉप तिरका ठेवला की खालून हवा लागते, पंखा कमी ओरडतो, आणि वहिनींना कोपरा दाबायला वाकावं लागत नाही.